दारापर्यंत

“तू फक्त जेवणाचं विचार, त्रिशला. पैशाचं आम्ही बघतो.”

गाडीचं दार लावता लावता ह्यांनी मला बजावलं. मिरजेला स्टेशनच्या मागच्या गल्लीत एका तीनमजली इमारतीसमोर आम्ही उभे होतो. हे, पुण्याहून आलेले सन्मती भाऊजी आणि मी. आत्तींना कुठं ठेवायचं ते त्या दिवशी ठरवायचं होतं.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, चंपाक्का. आमच्या सांगली भागात जैन घरांतून सासूला आत्ती म्हणतात. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी सांगते त्या साली बस्तीतून, म्हणजे गावच्या आमच्या मंदिरातून, अभिषेक बघून परतताना ओल्या पायरीवर त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. पण डॉक्टरांनी दोन्ही मुलांना समोर बसवून सांगितलं, की पुढचे काही आठवडे शिकलेल्या माणसांच्या हातून व्यायाम झाला तर बाई चालतील, नाहीतर अंथरुणाला खिळतील. खिळल्या तर पुढं काय, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. आम्हांला ते कळलं.

त्या पहिल्या ठिकाणी सगळं टापटीप होतं. एकेका खोलीत तीन कॉट, भिंतीवर टीव्ही, प्रत्येक मजल्याला एक आया. पैसेही बेताचे. मी जेवणाचं विचारलं. कांदा, लसूण, बटाटा चालत नाही. पाणी गाळलेलं लागतं. आणि दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं. तिथल्या बाई लगेच हो म्हणाल्या. मग कौतुकानं सांगू लागल्या, की आमच्याकडं पेशंटला उठावंच लागत नाही, खाणंपिणं, अंग पुसणं, सगळं जागेवर. भाऊजींना ते पटलं. त्यांनी ह्यांच्याकडं बघून मानही हलवली.

दुसरं ठिकाण, एक उपचार केंद्र, कोल्हापूर रस्त्याला, गावाबाहेर. तिथं मॅनेजर माझं म्हणणं ऐकूनच वैतागले. रात्रीचं जेवण आठला, स्वयंपाकी दोनच, एकट्या पेशंटसाठी कसं करायचं, असं त्यांचं चाललं होतं. भाऊजी हसून म्हणाले, “वहिनी, आपण हॉस्पिटल बघायला आलोय का खानावळ?” पण मी मॅनेजरांच्या खांद्यावरून पलीकडं बघत होते. लांबलचक पॅसेज होता, दोन्ही भिंतींना धरायला लाकडी दांडे लावलेले. एक म्हातारे गृहस्थ दांडा धरून एकेक पाऊल टाकत होते आणि एक तरुण मुलगी त्यांच्याबरोबर उलटी चालत होती, हात न लावता.

मी म्हटलं, “इथं ठेवूया.”

जेवणाचं इथंच तर अवघड दिसतंय, असं हे म्हणाले. मी म्हटलं, जेवण मी डब्यातून आणीन, रोज एसटीनं येईन. पहिल्या ठिकाणी मला एकही माणूस उभं दिसलं नाही.

भाऊजींनी इथले दर विचारले. जवळजवळ दुप्पट होते. दोघे भाऊ बाहेर जाऊन बोलून आले. आले तेव्हा ह्यांचा चेहरा मोकळा होता. “जमतंय,” एवढंच म्हणाले. मी विचारलं नाही. मला जेवणाचंच बघायला सांगितलं होतं.

आत्तींना दाराजवळची खोली मिळाली. खोलीतच न्हाणीघर, खिडकीबाहेर कण्हेर. ती उलटी चालणारी मुलगी म्हणजे एस्तेर मोहिते, तिथली फिजिओथेरपिस्ट. मिरजेचीच, मिशनच्या वस्तीत वाढलेली. तिनं पहिल्याच दिवशी आत्तींना विचारलं, की बरं झाल्यावर सगळ्यांत आधी कुठं जायचंय? आत्ती म्हणाल्या, बस्तीला. किती पायऱ्या आहेत ते एस्तेरनं विचारून घेतलं आणि म्हणाली, मग आपण पायऱ्यांसाठीच तयारी करू.

पहिला आठवडा चांगला गेला. व्हीलचेअरवरून आत्ती पलीकडच्या हॉलमध्ये जात, दांड्यांमध्ये उभ्या राहत, घाम पुसत परत येत. दुखायचं, पण तोंडातून शब्द नाही. “तुझ्या लग्नात पंगती वाढल्या तेव्हा याच्यापेक्षा जास्त पाय दुखले होते,” असं मला म्हणाल्या.

आणि मग एका सोमवारी त्या हॉलला जायला नको म्हणाल्या. दुखतंय का? नाही. बरं वाटत नाही का? बरं वाटतंय. एस्तेरनं वॉकर खोलीत आणला. खोलीत त्या चालल्या, कॉटपासून दारापर्यंत, छान चालल्या. दारात थांबल्या, वळल्या, परत आल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. खोलीत सांगाल ते करायच्या, पण दाराबाहेर पाऊल पडेना.

मोठे डॉक्टर येऊन बघून गेले. भीती आहे म्हणाले. पडलेल्या माणसाच्या मनात ती उशिरा येऊन बसते, वेळ लागेल, मुक्काम वाढवावा लागेल. भाऊजींना फोनवर हे कळलं तेव्हा ते चिडले. चुकीचं काही बोलले नाहीत ते. चालायला शिकवायचेच जर दुप्पट पैसे असतील आणि आई चालतच नसेल, तर मग स्टेशनमागचं ठिकाण काय वाईट? रविवारी मी येतो, तेव्हा काय ते ठरवून टाकू.

त्या तीन-तीन कॉटच्या खोल्या माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

मी समजूत घालून बघितली. बाहेर बागेत जाई फुललीय, चला बघायला, म्हटलं. आत्ती म्हणाल्या, चार फुलं तूच आण, त्यांचा वास इथं पण येईल. समोरच्या खोलीत कवठेपिरानच्या एक बाई होत्या, आत्तींच्या माहेरच्या ओळखीतल्या. त्यांनी दोनदा बोलावलं. आत्तींनी त्यांनाच इकडं बोलावून घेतलं.

शुक्रवारी खोलीत औषध फवारायचं म्हणून वॉर्डबॉयनं कॉट आत्तींसकट बाहेर ढकलायला घेतली. कॉट दारापाशी येताच आत्तींनी चौकट धरली. दोन्ही हातांनी. “मला बाहेर न्यायचं नाही,” म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण बोटं पांढरी झाली होती. शेवटी फवारणी रद्द करावी लागली. नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, बघितलंत ना, किती घाबरतात.

मी बघितलं होतं, आणि मला ते पटेना. कॉटवर आडव्या पडलेल्या माणसाला पडायची कसली भीती?

त्या दुपारी एस्तेर त्यांना चालवत होती आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नुसती बघत राहिले. खोलीत पांढरी फरशी होती, पॅसेजमध्ये लाल, आणि दोन्हींच्या मध्ये दारात काळ्या दगडाची पट्टी. आत्ती आल्या. वॉकरचे पुढचे पाय काळ्या पट्टीच्या अलीकडं टेकले. वळल्या. पुन्हा आल्या. पुन्हा तिथंच, बोटभर इकडंतिकडं नाही. भ्यालेलं माणूस कुठंही थांबेल. कधी दोन पावलं आधी, कधी घाम फुटून मध्येच. हे थांबणं तसलं नव्हतं. हे थांबणं मला ओळखीचं होतं.

मी रोज सकाळी दर्शन झालं की एक नेम घेते. कधी तूप सोडते, कधी मीठ, कधी त्या दिवशी कुणाला उलट बोलायचं नाही एवढंच. लग्न होऊन आले तेव्हा हे मला आत्तींनीच लावलं. आणि त्यांनीच शिकवलं होतं, की नेम कुणाला सांगायचा नाही. सांगितला की लोक वाहवा करतात, आणि मग आपण वाहवेसाठी पाळायला लागतो.

एस्तेर गेल्यावर मी दार लोटलं. आत्तींचे पाय चेपायला बसले आणि विचारलं, “आत्ती, किती दिवसांची मर्यादा घेतलीय?”

आमच्यात असं व्रत असतं. अमुक दिवस अमुक हद्दीच्या बाहेर जायचं नाही. कुणी गावाची हद्द धरतं, कुणी घराची. आत्तींनी खोलीची धरली होती.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “ओळखलंस होय,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “इथनं सुटेपर्यंत.”

“पण का?”

“हे सगळं कुणाच्या पैशानं चाललंय, तुला ठाऊक आहे?”

मी म्हटलं, ह्यांच्या आणि भाऊजींच्या.

“मानस्तंभाच्या,” आत्ती म्हणाल्या.

मग त्या हळूहळू सांगत गेल्या. आमच्या बस्तीसमोर मानस्तंभ, म्हणजे देवळापुढचा उंच दगडी खांब, उभा करायचं दोन वर्षांपूर्वी ठरलं होतं. मुनिमहाराज गावात असताना भरल्या सभेत आत्तींनी उभं राहून त्याच्या चौथऱ्याचा खर्च बोलला होता. म्हशींच्या दुधाचे वर्षानुवर्षं बाजूला टाकलेले पैसे आणि माहेरच्या वाटणीतून आलेली रक्कम. मोठ्या मुलाच्या नावावर बँकेत ठेवायला दिली होती, काम सुरू झालं की पंचांना पोचती करायची म्हणून. मागच्या रविवारी दोघे भाऊ आई झोपली असं समजून खिडकीखाली कण्हेरीपाशी बोलत उभे राहिले, आणि आत्तींनी सगळं ऐकलं. पैसे इकडं भरले होते. पंचांनी विचारलं तर पुढच्या साली देऊ म्हणायचं, असं त्यांचं ठरत होतं.

“मग तुम्ही त्यांना बोलला का नाही?”

“काय बोलू? माझ्यासाठीच केलं त्यांनी. चोरी करून दारू नाही प्याले.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “पण दिलेलं ते दिलेलं, त्रिशला. बोलले त्या दिवशीच ते माझं राहिलं नाही. देवाच्या पैशाच्या गादीवर मी झोपते. उठून जाईन म्हटलं तर पाय नाही. मग म्हटलं, लागतं तेवढंच घ्यायचं. ही एक खोली. त्यांचा तो हॉल नको, बाग नको, पॅसेजचा दांडा नको.”

मी पाय चेपत राहिले. मग म्हटलं, की तुम्ही नाही चाललात तर भाऊजी तुम्हांला दुसरीकडं हलवतील, तिथं कुणी उठवणारसुद्धा नाही.

“माहीत आहे,” आत्ती म्हणाल्या. “तिथं स्वस्त आहे ना पण?”

घरी गेल्यावर मी ह्यांना जेवायला वाढलं. जेवण होऊ दिलं. हात धुऊन ते ओट्यावर येऊन बसल्यावर सांगितलं, आत्ती दारात का थांबतात ते. मी आवाज चढवला नाही. तो माझा स्वभाव नाही, आणि त्या दिवशी तर माझा नेमही तोच होता. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, “तिला कसं कळलं?” आणि लगेच स्वतःच मान खाली घालून म्हणाले, “म्हणजे असं विचारायला नको होतं.”

रविवारी भाऊजी आले. केंद्राच्या बागेत बाकावर बसून बोलणं झालं. भाऊजी अधर्मी माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पैसा पडून होता, गरज आत्ता होती, मानस्तंभ काही पळून जात नव्हता.

“देवाला खांब काय एका वर्षानं चालत नाही का वहिनी? आईला पाय आत्ता पाहिजे.”

“आत्तींना दोन्ही पाहिजे, भाऊजी,” मी म्हटलं. “एकासाठी दुसरं मोडलं तर त्या चालणार नाहीत. तुम्ही कुठंही ठेवा.”

ते उठून समोरच्या जाईपाशी गेले. मग म्हणाले, “अशी बाई आपली आई आहे, हे दर वेळी विसरायला होतं.” त्या दोघांनी मग तिथंच ठरवलं. आमची हळद सांगलीच्या गोदामात होती. भाव चढेल म्हणून ह्यांनी ती होळीपासून धरून ठेवली होती, रोज पेपरात पहिल्यांदा हळदीचा दर बघायचे. ती असेल त्या भावानं काढायची आणि आत्तींची रक्कम पंचांकडं पोचती करायची. केंद्राचा इथून पुढचा खर्च भाऊजी देणार. ते नवीन गाडी घेणार होते, ती राहिली.

त्याच आठवड्यात ह्यांनी हळद विकली आणि पंचांच्या हातात पैसे दिले. तिथून तडक मिरजेला आले. आत्तींच्या कॉटजवळ उभे राहून म्हणाले, “आई, पोचते केले.” आणि वाकून पायावर डोकं ठेवलं.

आत्तींनी डोक्यावर हात ठेवला. मग विचारलं, “भाव काय लागला?”

ह्यांनी सांगितला.

“कमी लागला,” आत्ती म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. खांदे हलत होते. हे घाबरून माझ्याकडं बघायला लागले. मी खूण केली, राहू दे.

आम्हांला वाटलं, आता सुटलं. हे दुसऱ्या दिवशी हौसेनं व्हीलचेअर घेऊन आले, चल आई, हॉलमध्ये. आत्ती जागच्या हलल्या नाहीत. पैसे फिटले म्हणून नेम फिटत नाही, म्हणाल्या. सुटेपर्यंत म्हणून घेतलाय, सुटेपर्यंत पाळायचा.

आणि डॉक्टर सोडायला तयार नव्हते. पॅसेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शेवटच्या उतारासकट, न बसता चालून दाखवल्याशिवाय घरी पाठवायचं नाही, हा तिथला शिरस्ता होता. भाऊजींना फोनवर सांगितलं तर ते हसत सुटले. “म्हणजे बाहेर पडल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही. आईच पाहिजे असलं करायला.”

मी एस्तेरला सगळं सांगितलं. नेम सांगायचा नसतो. पण तो माझा नव्हता, आणि आत्तींना आधी विचारून घेतलं होतं. मला वाटलं होतं ती हसेल किंवा रागावेल. तिनं दोन-तीन गोष्टी नीट विचारल्या. काळी पट्टी आत धरायची का बाहेर? खोलीत एखादी वस्तू आणली तर चालेल का? मग म्हणाली, “माझी आजी लेंटमध्ये, ईस्टरच्या आधीच्या आमच्या उपासाच्या दिवसांत, चहा सोडायची. चाळीस दिवस डोकं दुखायचं तिचं. आम्ही लपून साखर-पत्ती टाकून काढा म्हणून द्यायचो, तर नुसत्या वासानं परत करायची.”

दुसऱ्या दिवसापासून हॉल खोलीत आला. लाकडी पायऱ्यांचा जोड दोघा वॉर्डबॉयनी उचलून आणला. उतार म्हणून फळी आली. कॉट भिंतीला सरकवून एस्तेरनं खोलीला गोल चकरा आखल्या आणि आत्तींना त्या घालायला लावल्या. नर्स दारातून डोकावून जायच्या. एकीनं विचारलं, काय हो, प्रदक्षिणा चालल्यात का? आत्ती म्हणाल्या, “हो. देव बाहेर आहे, म्हणून आतनं.” त्या दिवशी त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

पाय भरत आला. वॉकर सुटून काठी आली. तरी डॉक्टरांचं पॅसेजवर अडलेलंच. खोलीतल्या चकरा वेगळ्या, लांबचं सरळ चालणं वेगळं, ते म्हणायचे. तेही खोटं नव्हतं. शेवटी एस्तेर संध्याकाळी आत्तींजवळ येऊन बसली. ऊन अजून खिडकीत होतं, आत्तींचं जेवण नुकतंच झालं होतं.

“आजी, मी उद्या कागदावर लिहिते, की तुम्ही पॅसेज चालू शकता. माझ्या जबाबदारीवर. डॉक्टर माझं ऐकतील,” ती म्हणाली. “पण मला एक कबूल करा. सुटल्यावर तो पॅसेज टोकापर्यंत चालायचा. जाऊन परत यायचं. मध्ये बसायचं नाही.”

“चालेन,” आत्ती म्हणाल्या. एवढंच. एस्तेरनंही पुन्हा विचारलं नाही.

सुटायच्या दिवशी एस्तेर नव्हती. तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं कोल्हापूरला. जाताना निरोप ठेवून गेली होती, आजींना सांगा, घरी व्यायाम चुकवायचा नाही. कागद हातात यायला दुपार कलली. हे घाई करत होते, गावात पोचून दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला पाहिजे म्हणून. भाऊजींनी गाडी अगदी दाराला आणून लावली होती. आत्तींची खोली दाराजवळचीच, डावीकडं वळलं की आठ-दहा पावलांवर गाडी. वॉर्डबॉयनं व्हीलचेअरही उघडून ठेवली होती.

आत्ती कॉटच्या कडेला बसल्या होत्या. नवं लुगडं, डोक्यावरून पदर. मला म्हणाल्या, सुटले ना गं? मी म्हटलं, सुटलात, सही झाली. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणून झाला, मग त्यांनी हात जोडून कपाळाला लावले आणि काठी घेऊन उठल्या.

काळ्या पट्टीपाशी आल्या. या खेपेला थांबल्या नाहीत. काठी लाल फरशीवर टेकली, मग पाय.

आणि त्या उजवीकडं वळल्या.

“आई, गाडी इकडं आहे,” हे म्हणाले.

आत्तींनी मागं बघितलं नाही. दुपारची वेळ, पॅसेजमध्ये चिटपाखरू नव्हतं. सगळे पेशंट झोपलेले, नर्स चहाला गेलेल्या. भाऊजी पुढं धावायला निघाले, व्हीलचेअर घेऊन. मी ती दांडीला धरून थांबवली.

“जाऊ द्या त्यांना,” मी म्हटलं.

भिंतीचा दांडा हाताच्या अंतरावर होता. त्यांनी तो धरला नाही. काठी, पाय, काठी, पाय, अशा त्या लांबच्या टोकाकडं चालत राहिल्या.